खोटी स्टेपनी

जुन्या अमेरिकन मोटारींच्या चित्रांचे एक पुस्तक गेल्या उन्हाळ्यात माझ्या हाती आले. मला मोटार चालवता येत नाही आणि ती माझ्या दारी उभी राहण्याचा संभवही नाही. त्यामुळे ती चित्रे मी अगदी निर्लोभ मनाने पाहू शकलो. श्रीमंतांसाठी बनवलेल्या त्या दोन दारांच्या गाड्या! नाक लांबलचक, शेपटी आखूड, आणि एवढा थाट मुख्यतः पुढे बसणाऱ्या दोघांसाठी. पाने उलटता उलटता एका गाडीपाशी मी थबकलो. ती होती १९६८ साली बाजारात आलेली लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क थ्री. तिच्या डिकीच्या झाकणावर चाकाएवढा एक फुगवटा होता. मला वाटले, आत स्टेपनी उभी करून ठेवली असेल. खालचा मजकूर वाचला तेव्हा कळले की त्या फुगवट्याखाली चाक नाहीच. तो पत्र्याला दिलेला नुसता आकार!

मी पडलो शाळामास्तर. खोटे दिसले की माझा हात आपोआप लाल शाईकडे जातो. परंतु त्या फुगवट्याची वंशावळ वाचली आणि हात थोडा आखडला. १९३९ साली हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल याने फ्लोरिडातल्या सुट्टीत वापरण्यासाठी स्वतःपुरती एक मोटार करवून घेतली. तिच्या पाठीवर खरीखुरी स्टेपनी उभी बसवलेली होती. ती गाडी लोकांना इतकी आवडली की कारखान्याने तशा गाड्या काढायला घेतल्या. एडसेल १९४३ साली वारला. पुढे १९५५ साली त्याच्या धाकट्या मुलाच्या देखरेखीखाली मार्क टू निघाली. किंमत दहा हजार डॉलरांच्या घरात. तिच्या डिकीवर चाकाचा उंचवटा होता आणि त्याखाली चाकही होते; मात्र त्या चाकामुळे सामान ठेवताना मालकाची पंचाईत होई. तिसऱ्या पिढीत उंचवटा राहिला आणि चाक गेले. घराण्यांतूनही असेच होते, नाही का? आजोबांची तलवार, वडिलांच्या हातात तलवारीची काठी, आणि नातवाच्या भिंतीवर तलवारीचे चित्र.

एकदा अशी दृष्टी लागल्यावर मला जिकडे तिकडे खोटेपणाच दिसू लागला. याच मार्क थ्रीच्या तोंडावर रोल्स-रॉईसच्या देवळासारख्या जाळीची नक्कल होती. तिच्या पुढच्या दिव्यांवर पापण्या होत्या; दिवसा मिटलेल्या आणि दिवे लावले की उघडणाऱ्या. म्हातारपणी असल्या पापण्यांची यंत्रणा ढिली होते. मग एक मिटलेली आणि एक उघडी, अशी ती खानदानी गाडी रस्त्यात उभ्या उभ्या डोळा मारते! १९४८ च्या कॅडिलॅकच्या पाठीवर लढाऊ विमानाच्या शेपटीवरून घेतलेले पंख उगवले. १९५९ पर्यंत ते इतके उंच झाले की गाडी आता उडते की मग, असे वाटावे. १९४९ च्या ब्यूक गाडीच्या कुशीला जहाजासारखी गोल भोके होती. साध्या गाडीला तीन, वरच्या दर्जाच्या गाडीला चार. म्हणजे शेजाऱ्याची श्रीमंती भोके मोजून ठरवायची! १९६२ च्या थंडरबर्डच्या एका प्रकारात टपाच्या बाजूंना इंग्रजी एस अक्षरासारख्या पट्ट्या बसवल्या. घोडागाडीचे दुमडणारे छत तोलायला पूर्वी असे लोखंड असे. इथे छत पोलादाचे. ते दुमडत नाही, आणि पट्ट्या काहीच तोलत नाहीत.

त्याच गाड्यांत काही गमती मात्र सरळ मनाच्या होत्या. १९६१ च्या थंडरबर्डमध्ये गाडी उभी केली की स्टिअरिंगचे चाक बाजूला सरकवता येई. जणू कुणी अदबीने सरकून बसायला जागा करून देत आहे! १९६५ साली तिचे मागचे दिवे वळायच्या दिशेने एकामागून एक लागू लागले. हाही नखराच, पण हा नखरा खरे सांगतो. गाडी वळणार म्हणतो आणि गाडी वळते.

मग काय, उरलेले सगळे असत्य म्हणायचे? तसे म्हणायला गेलो आणि मला कार्ल्याचे चैत्यगृह आठवले. डोंगर पोखरून केलेल्या त्या मंदिराच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत. त्या छताला आधार देत नाहीत. छत म्हणजे अखंड डोंगर, त्याला आधार कशाला हवा? पूर्वीची मंदिरे लाकडाची असत, त्यांची ती आठवण आहे. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्यात तर त्या फासळ्याही दगडातच कोरल्या आहेत. म्हणजे ही चाकाविना स्टेपनीच! पण तिथे उभे राहून आजवर कुणाला फसवल्यासारखे वाटले नाही. मग अमेरिकन पत्र्यावरच मी एवढा का रागवावे? त्या फुगवट्यानेही कुणाचा प्रवास अडला नाही. खरे चाक डिकीत दुसरीकडे होतेच.

हा न्याय लावून मी निर्धास्तपणे पुस्तक मिटले, आणि समोर माझे कपाट दिसले.

माझ्या बैठकीच्या खोलीत काचेचे कपाट आहे. त्यात इंग्रजी तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांचा एक बारा खंडांचा संच आहे. जुन्या बाजारात घेतलेला, चामडी बांधणीचा. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे झाले नाही. त्या बारा खंडांतले बारा पाठही मी वाचलेले नाहीत. पण मी कादंबऱ्या लिहितो, लोक भेटायला येतात, आणि ते खंड पाठीशी असले की माझे बोलणे मलाच वजनदार वाटते. कुणाचे काय बिघडत होते?

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी कॉलेजची परीक्षा तोंडावर आली असता आला. चवथ्या खंडातले एक प्रकरण त्याला अडले होते. "सर, तुम्ही हे वाचलं असेलच," तो म्हणाला. त्या क्षणी मी खरे बोललो असतो तर ही हकीकत गमतीची झाली असती. मी तास दीड तास बोललो. तो मान डोलावत लिहून घेत राहिला. परीक्षेत त्याने माझेच शब्द लिहिले, आणि त्या प्रश्नाला त्याला शून्य गुण मिळाले. पेढे घ्यायला मी त्याला बोलावले होते. तो आला नाही.

मोटारीच्या फुगवट्यात आणि माझ्या कपाटात जो फरक आहे तो मला त्या दिवशी कळायला हवा होता, कळला यंदा. कार्ल्याच्या फासळ्यांवर डोंगर विसंबलेला नाही. पत्र्याच्या स्टेपनीवर प्रवासी विसंबलेला नाही. नक्कल म्हणजे असत्य नव्हे. ती आठवण असेल, हौस असेल, थोडी फुशारकीही असेल. तिच्यावर कुणी आपला खरा भार टाकू लागला आणि आपण "थांब" म्हटले नाही, की तिथे असत्य सुरू होते.

कपाट मी काढून टाकलेले नाही. तेवढा विरक्त मी नाही. चवथा खंड मात्र बाहेर काढून शब्दकोशाजवळ ठेवला आहे. रोज दोन पाने, कधी एकच. त्या मुलाला पत्र लिहिले आहे. ही दिवाळी येण्याआधी त्याचे उत्तर येईल असे वाटले होते.