पहिल्या दिवसानंतरची शाळा

जूनच्या मध्यावर महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रवेशोत्सव होतो. पहिलीत दाखल झालेली मुलं सजवलेल्या बैलगाडीतून, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावभर मिरवतात. शाळेच्या दारात औक्षण होतं. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कागदावर पावलांचे ठसे घेतले जातात. हातात फुगा, गुलाबाचं फूल आणि नवी कोरी पुस्तकं येतात. सरपंच चार शब्द बोलतात आणि फोटो त्याच दिवशी केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचतात. या सोहळ्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. मूल शाळेत आलं, याचा आनंद गावानं चारचौघांत साजरा करावा, हे चांगलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र बैलगाडी नसते. फाटकाशी आईच्या ओढणीचं टोक मुठीत गच्च धरून उभं असलेलं मूल असतं. आईला पेरणीच्या कामावर पोचायचं असतं. बाईंकडे पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग असतात, शिवाय पुस्तकवाटपाची माहिती ऑनलाइन भरायची राहिलेली असते. मग चौथीतला एक दांडगा मुलगा पुढे होतो, ती मूठ सोडवतो आणि लहानग्याला उचलून वर्गात नेऊन बसवतो. घुटमळणाऱ्या आईला बाई सांगतात, “जावा तुम्ही. तुम्ही दिसलात की जास्तच रडतोय तो.” आठवडाभरात रडणं थांबतं. आणि मग सगळेच म्हणतात, रुळला एकदाचा.

मला शंका आहे ती या शेवटच्या वाक्याची. शाळेत नाव एका दिवसात दाखल होतं. मूल दाखल व्हायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांची जबाबदारी आपल्या शिक्षणव्यवस्थेत कुणाच्याच नावावर लिहिलेली नाही. पटावर नाव असतं, हजेरीपटात खूण असते. मूल रुळलं की नाही, याची नोंद करायला रकानाच नाही. त्यामुळे रडणं थांबणं हीच पावती मानली जाते.

ही पावती किती खोटी असू शकते, हे सत्तर वर्षांपूर्वी एका वेगळ्याच ठिकाणी दिसून आलं होतं. त्या काळी इंग्लंडमधल्या रुग्णालयांत लहान मुलांना भरती केलं की आईवडिलांना भेटायला फार थोडा वेळ मिळे. परिचारिकांचं म्हणणं, मुलं दोन दिवस रडतात, मग शांत होतात. आई भेटून गेली की पुन्हा रडायला लागतात, म्हणजे आईच्या येण्यानंच त्रास होतो. जेम्स रॉबर्टसन हे लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करत. त्यांनी 1952 मध्ये ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टु हॉस्पिटल’ हा माहितीपट केला. त्यातली दोन वर्षांची मुलगी फारशी रडतच नाही. पण तिचा चेहरा, तिची चुळबुळ, आई आल्यावर तिचं तोंड फिरवणं हे सगळं कॅमेऱ्यानं टिपलं होतं. हे शांत होणं समाधानाचं नव्हतं. रडून उपयोग नाही, हे कळल्यावरचं ते गप्प बसणं होतं. वैद्यकीय वर्तुळातून या माहितीपटावर बरीच टीका झाली. पण 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालानं मुलांना भेटायच्या वेळांवरची बंधनं काढून टाकावीत, अशी शिफारस केली आणि पुढच्या काळात रुग्णालयांची दारं हळूहळू उघडली.

आपली शाळा म्हणजे रुग्णालय नव्हे आणि सहा वर्षांचं मूल दोन वर्षांच्या मुलापेक्षा पुष्कळ सोसू शकतं, हे खरंच. तरी “आई दिसली की जास्त रडतो” हा युक्तिवाद जसाच्या तसा तोच आहे. आई दिसल्यावर मूल रडतं ते रडायला आता हक्काचं माणूस समोर आलं म्हणून. त्यावरचा उपाय आईला फाटकाबाहेर काढणं हा नाही. आईखेरीज दुसरं एक हक्काचं माणूस शाळेत तयार करणं हा आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

तो वेळ किती आणि कसा द्यायचा, याचं नीट बांधलेलं रूप जर्मनीतल्या पाळणाघरांत दिसतं. 1980 च्या दशकात बर्लिनमध्ये विकसित झालेली ही पद्धत आज तिथं सर्रास वापरली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर तासाभरासाठी येतात आणि खोलीच्या एका कोपऱ्यात नुसते बसतात. ते मुलाला खेळायला ढकलत नाहीत आणि स्वतःही त्याच्याशी खेळत बसत नाहीत. मूल हवं तेव्हा दूर जातं, हवं तेव्हा परत येऊन टेकतं. त्या मुलासाठी नेमून दिलेली एकच ताई हळूहळू त्याच्या खेळात शिरते. चौथ्या दिवशी पालक रीतसर निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर जातात. मूल रडलं आणि ताईच्या जवळ घेण्यानं सावरलं, तर पुढच्या दिवशी ही वेळ वाढते. नाही सावरलं, तर आणखी काही दिवस पालक आतच बसतात. चौथा दिवस सोमवारी आला, तर हा पहिला निरोप मंगळवारवर ढकलतात, कारण मूल शनिवार-रविवार घरी राहून आलेलं असतं. मूल रुळलं हे ठरवायची त्यांची खूण रडणं थांबणं ही नाही. दुखलं, घाबरलं तर मूल त्या ताईकडे धाव घेतं का, ही आहे.

मला यातली ही खूण सगळ्यात मोलाची वाटते. ती आपल्या कुठल्याही शाळेला उद्यापासून वापरता येईल. गुडघा फुटलेलं मूल बाईंकडे जातं, की भिंतीशी एकटंच उभं राहतं, एवढं पाहायचं.

यासाठी जर्मनीपर्यंत जायलाच हवं असं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या. गावाबाहेरच्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली गेली. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी विकासवाडी उभी केली. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होती. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून शाळा बुडवणारी मुलगी त्या भावंडाला कडेवर घेऊन येऊ शके. जी मुलं गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. शाळेनं मुलाकडे चार पावलं जायचं, हा विचार महाराष्ट्रानं तेव्हाच करून पाहिलेला आहे.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पण विकासवाडीनं जे एकत्र ठेवलं होतं, ते सरकारी कारभारात दोन खात्यांत वाटलं गेलं. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाचा. अंगणवाडीताईला मूल तीन वर्षं माहीत असतं. कोण तोतरं बोलतं, कोण एकटं बसतं, कुणाचे वडील नुकतेच गेले, कुणाला वरण चालत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. अंगणवाडी कित्येकदा शाळेच्याच आवारात भरते. तरी जूनमध्ये मूल वीस पावलं चालून पलीकडच्या वर्गात जातं, तेव्हा त्याच्याबरोबर फक्त जन्मदाखला आणि आधार क्रमांक जातो. ताईला जे ठाऊक असतं, ते मागेच राहतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला. पहिलीच्या सुरुवातीला तीन महिने खेळातून तयारी करून घ्यावी, यासाठी ‘विद्याप्रवेश’ हा कार्यक्रम 2021 मध्ये आला. महाराष्ट्रात 2022 पासून ‘शाळापूर्व तयारी’चे मेळावे होतात. शाळेच्या आवारात टेबलं मांडून मुलाकडून उड्या, रंग ओळखणं, गोष्ट सांगणं, वस्तू मोजणं असं करून घेतात, विकासपत्र भरतात आणि उन्हाळाभर वस्तीवरच्या आयांचे गट मुलांना घेऊन बसतात. यातले मातागट मला फार महत्त्वाचे वाटतात. अक्षरांशी लांबून ओळख असलेल्या बाईला ते मुलाच्या शिक्षणात मानानं बोलावतात. मात्र ही सगळी तयारी मुलानं शाळेसाठी करायची आहे. शाळेनं मुलासाठी काय तयारी केली, याचं विकासपत्र अजून कुणी छापलेलं नाही.

ते छापायचं ठरलं, तर त्यातला पहिला प्रश्न भाषेचा असावा. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, गडचिरोलीतलं गोंडी किंवा माडिया, तांड्यावरचं गोरमाटी, सातपुड्यातलं भिली किंवा पावरी. शाळेत आल्यावर आई तर दूर जातेच, आईची बोलीही जाते. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात मराठी घरातल्या तीन वर्षांच्या मुलाचं हेच होतं. “मे आय गो टु टॉयलेट?” हे वाक्य जमेपर्यंत त्याला थांबता येत नाही. चड्डी ओली होते, बाजूची मुलं हसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागतं. आई म्हणते, शाळा नको म्हणून नाटकं करतोय. नाटक नसतं ते. करंगळी वर केली की उठून जायचं, ही आपल्याकडची जुनी खूण सगळ्या भाषांत चालते. ती चालू ठेवायला कोणत्याही माध्यमाच्या शाळेची हरकत नसावी.

दुसरा प्रश्न वयाचा. महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत घेतात. म्हणजे जूनमध्ये साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल एकाच बाकावर बसतं. या वयात एक वर्ष म्हणजे मुलाच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. साडेपाच वर्षांच्या मुलाला दप्तराची चेन लावता येत नाही, पँटची गुंडी काढता येत नाही, आणि या दोन गोष्टींवर त्याचा दिवस सुखाचा की रडवेला हे ठरतं. अक्षरं गिरवून घेण्याआधी महिनाभर डब्याचं झाकण, नळ, गुंडी आणि चपलांची जागा एवढाच अभ्यासक्रम ठेवला, तर काही बिघडत नाही.

तिसरा प्रश्न बीड, अहिल्यानगर, जळगावच्या काही भागांतला. तिथल्या ऊसतोड कुटुंबांचं मूल जूनमध्ये शाळेत जातं आणि जरा स्थिरावतं, तोवर दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर कारखान्याच्या थळावर जातं. एप्रिल-मेमध्ये ते परत येतं तेव्हा वर्ष संपलेलं असतं. इतर मुलं एकदा रुळतात. या मुलाला तीच कसरत पुन्हापुन्हा करावी लागते. हंगामी वसतिगृहं आहेत. तिथं राहायचं तर सहाव्या वर्षी आईपासून पाच महिने दूर राहायचं. या मुलांसाठी सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण आजी गावात असेल आणि तिला मूल सांभाळायला हंगामापुरती मदत मिळाली, तर ते मूल आपल्या घरी, आपल्या शाळेत राहतं, एवढं नक्की.

घरातल्यांनी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. “थांब, शाळेतच टाकते तुला” ही धमकी बंद करावी. जी जागा शिक्षा म्हणून सांगितली, तिथं मूल आनंदानं कसं जाईल? डोळा चुकवून पळू नये. मूल रडलं तरी चालेल, पण “मी जाते, खिचडी खाऊन झाल्यावर येते” असं सांगून जावं आणि सांगितलेल्या वेळी खरंच यावं. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला खिचडी कळते. घरी आल्यावर “आज काय शिकवलं?” याऐवजी “आज कुणाशेजारी बसलास?” असं विचारावं. शेजारच्या मुलाचं नाव सांगता आलं, तर निम्मं काम झालं.

शाळेनं करायच्याही तीनच. पहिल्या पंधरवड्यात आई, आजी, वडील यांपैकी ज्याला शक्य आहे त्याला वर्गात बसू द्यावं. त्याच पंधरवड्यात अंगणवाडीताईनं रोज तासभर पहिलीत येऊन बसावं. दोन खात्यांच्या एका संयुक्त परिपत्रकानं हे होऊ शकतं. आणि पहिलीच्या बाईंना जून-जुलैत ऑनलाइन माहितीच्या कामातून मोकळं ठेवावं.

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा उघडतात. फाटकावरचं रडणं त्या दिवशी पुन्हा ऐकू येतं. जूनमध्ये रुळलेली मुलंसुद्धा त्या सकाळी रडतात. तुम्ही मुख्याध्यापक असाल, तर त्या आठवड्यात फाटक थोडं उघडं ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत असाल, तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. वर्गात एक जादा सतरंजी टाकायला आणि आईला तिच्यावर बसायची परवानगी द्यायला कुठल्याही निधीची मंजुरी लागत नाही.