आनंद आणि अश्रू

मनुष्याला टिकाऊ आनंद केवळ ईश्वरातच लाभतो, ही ख्रिस्ती धर्मविचारातील एक मध्यवर्ती श्रद्धा होय. ज्या गोष्टींचा उपयोग करावयाचा आणि ज्यांत रमावयाचे, असा भेद संत ऑगस्टीन (३५४-४३०) याने केला आणि खऱ्या अर्थाने रमण्याजोगा ईश्वरच आहे, असे ठरविले. मग माणसांवरील प्रेमाचे काय? आई, मित्र, पत्नी ही ईश्वरापर्यंत पोहोचण्याची निव्वळ साधनेच ठरतात काय? या प्रश्नापाशी स्वतः ऑगस्टीनही अडखळला आहे.

त्याच्या सिद्धांतापेक्षा ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनातील दोन मृत्यू येथे अधिक बोलके आहेत. तारुण्यात त्याचा जिवलग मित्र तापाने गेला. मित्रावाचून सारे गाव त्याला असह्य झाले आणि तो कार्थेजला निघून गेला. पुढे ३८७ मध्ये, त्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांतच, आई मोनिका ओस्तिया येथे वारली. श्रद्धावंताने शोक करू नये, या समजुतीने त्याने प्रथम अश्रू आवरले. पण नंतर एकांतात, ईश्वरासमोर, त्यांना मोकळी वाट दिली.

दोन्ही वेळी दुःख खरेच होते. फरक असा की, पहिल्या वेळी त्याने मर्त्य माणसावर अमर्त्याचा भार टाकला होता. माणूस गेला तेव्हा जगण्याचा आधारच गेला. दुसऱ्या वेळी त्याला आपले दुःख कोठे तरी नेऊन ठेवता आले. ईश्वरातील आनंद म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे. प्रिय माणसाने आपले सर्वस्व व्हावे, या अशक्य अपेक्षेतून तो त्या माणसाला मुक्त करतो.

तथापि, एकाच्या आनंदाची किंमत दुसऱ्याने मोजावी काय, हा प्रश्न उरतोच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांना जे गवसले, त्यासाठी लक्ष्मीबाईंना काही वर्षांचा विरह आणि सामाजिक मानहानी सोसावी लागली. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ही वेदना लपविली नाही, तिचे भांडवलही केले नाही. पतीची श्रद्धा त्यांनी उसनी घेतली नाही. सोवळेओवळे, जातिभेद यांविषयीचे आपले संस्कार स्वतः तपासून त्या स्वतःच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्या. त्या आल्या म्हणून मागचे दुःख न्याय्य ठरले, असे मात्र म्हणता येणार नाही.

म्हणूनच ईश्वरातील आनंदाची कसोटी केवळ त्याच्या टिकाऊपणात शोधून चालणार नाही. त्या आनंदाला जवळच्या माणसाचे अश्रू दिसतात काय, आणि ते आपल्यामुळे आले असतील तर ते मान्य करण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे काय, हे पाहावे लागेल. जो आनंद या अश्रूंकडे पाठ फिरवितो, तो ईश्वराचे नाव घेऊन स्वतःतच रमलेला असतो.