कारखान्याचे ऐकले, माणसांचे नाही

25 एप्रिल 2014 रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने डेट्रॉइटकडून येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद केले आणि फ्लिंट नदीचे पाणी नळांना सोडले. हेतू पैसे वाचवण्याचा होता. त्यानंतरच्या वर्षभरातल्या घटना सुट्यासुट्या वाचल्या, तर कोणत्याही शहराच्या किरकोळ बातम्या वाटाव्यात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाण्यात जिवाणू सापडले आणि पाणी उकळून प्यावे, अशा सूचना निघाल्या. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणे थांबवले, कारण त्यामुळे इंजिनांचे भाग गंजत होते. जानेवारी 2015 मध्ये ट्रायहॅलोमिथेन या क्लोरिनमुळे तयार होणाऱ्या रसायनांनी मर्यादा ओलांडल्याची नोटीस नागरिकांना मिळाली. त्याच महिन्यात राज्य सरकारने फ्लिंटमधील आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कार्यालयात शुद्ध पाण्याचे कूलर बसवले. गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येणाऱ्या नागरिकांना मात्र पाणी सुरक्षित असल्याचेच सांगितले जात होते.

यातली प्रत्येक अडचण त्या त्या वेळी तेवढ्यापुरती मिटवली गेली. जिवाणू सापडले म्हणून क्लोरिन वाढवले, कारखान्याने तक्रार केली म्हणून त्याला दुसरीकडून पाणी घेऊ दिले. या बातम्या एकमेकींशेजारी ठेवण्याचे काम कोणी केले नाही, आणि माझ्या मते फ्लिंटमधला खरा नैतिक अपराध तिथे आहे. जे पाणी लोखंड खाते ते शिशाचे जुने नळही खाणार, हे समजायला मोठे संशोधन लागत नाही. नळांच्या आतून संरक्षक थर धरावा म्हणून पाण्यात फॉस्फेट मिसळण्याची पद्धत जुनी आणि सर्वज्ञात आहे. डेट्रॉइटच्या पाण्यात ते असे. फ्लिंटने ते मिसळलेच नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने केंद्रीय यंत्रणेला गंजरोधक प्रक्रिया चालू असल्याचे कळवले आणि एप्रिलमध्ये ती चालू नसल्याचे मान्य केले. दरम्यान मार्चमध्ये एका घरातल्या पाण्यात शिशाचे प्रमाण दर अब्ज भागांत 397 भाग निघाले होते. कारवाईची मर्यादा होती 15.

यावर एक आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. शिसे दिसत नाही, त्याला वास नसतो. मग पाण्याचा रंग आणि अंगावरचे पुरळ यावरून अधिकाऱ्यांनी काय ठरवायचे? तक्रार म्हणजे पुरावा नव्हे, हे खरेच आहे. पण ती चौकशीचे कारण नक्कीच आहे. शिवाय चाचणीसुद्धा प्रामाणिक हवी. फ्लिंटमध्ये नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही वेळ वाहू द्यावा, अशा सूचना नागरिकांना दिल्या होत्या. अशाने नमुन्यात शिसे कमी दिसते. आणि कारखान्याच्या तक्रारीची दखल घेताना कोणाला शंका आली नाही, याचे काय? त्याच्याकडे पाणी बदलण्याची ऐपत होती. तेव्हा सुमारे एक लाख वस्तीच्या या शहरात कृष्णवर्णीयांचे बहुमत होते आणि दारिद्र्य मोठे होते. तिथल्या रहिवाशांपुढे दुसरा नळ नव्हता. ज्याला पर्याय नाही त्याच्या तक्रारीची चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी. इथे नेमके उलटे झाले.

दुसरा आक्षेप पैशांचा. शहर कर्जात बुडाले होते, म्हणून राज्याने तिथे आणीबाणी व्यवस्थापक नेमला होता. कठोर काटकसर करायला असाच माणूस लागतो, असे म्हणता येईल. पण मार्च 2015 मध्ये शहराच्या निर्वाचित परिषदेने नदीचे पाणी थांबवण्याच्या बाजूने 7 विरुद्ध 1 मत दिले, तेव्हा व्यवस्थापकाने ते फेटाळले. त्याला मतदारांसमोर जायचे नव्हते. वाचवलेल्या पैशांचा हिशेब त्याच्या वहीत होता, आजाराचा नव्हता. डेट्रॉइटचे पाणी परत यायला 16 ऑक्टोबर 2015 उजाडला, तोही बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातील वाढलेले शिसे आकड्यांनिशी मांडल्यावर. याच काळात लेजिओनेअर्स या फुप्फुसांच्या आजाराने 12 जण दगावले होते. त्या साथीची जाहीर वाच्यता झाली जानेवारी 2016 मध्ये.

पाणी जिथे जिथे दुसऱ्याच्या हातून आपल्या घरात येते, तिथे तक्रारींची वही, तपासणीचे अहवाल आणि खर्चाची फाईल एकाच अधिकाऱ्यासमोर असली पाहिजे, आणि त्या अधिकाऱ्याला पाणी पिणाऱ्यांपुढे उभे राहून उत्तर देणे भाग असले पाहिजे.