नको म्हणणाऱ्याचा मान



बहरीनमध्ये २००६ सालापासून शुक्रवार-शनिवार अशी साप्ताहिक सुट्टी असते. त्यामुळे सलमानियातील आमच्या गल्लीत गुरुवारची रात्र गजबजलेली असते. कुणाकडे वाढदिवस, कुणाची बढती, कुणाचा मुंबईहून आलेला पाहुणा. मुस्लिमेतरांस येथे परवान्याच्या दुकानात दारू मिळते, तेव्हा पेल्यांचे तबकही फिरतेच. जो घेतो त्याच्याविषयी आज आम्हास काही सांगावयाचे नाही. जो "मला नको" म्हणतो, त्याच्याशी आपण कसे वागतो, एवढाच आजचा विषय आहे.

याच सलमानियात देशातील मोठे सरकारी इस्पितळ आहे, आणि बहरीनच्या सरकारी मानसरोग रुग्णालयात व्यसनमुक्तीचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून मराठी घरांना ही गोष्ट माहीत झाली की दारूचे व्यसन हा आजार आहे व त्यावर उपचार आहेत. परंतु उपचार संपवून मनुष्य घरी येतो, तेव्हा त्याची खरी परीक्षा इस्पितळात नसते. ती शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात असते.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ उपचार घेऊन पाच महिने दारूपासून दूर होते. एका बारशाला यजमानांनी चारचौघांत विचारले, "माझ्या नातवासाठी एक घोटसुद्धा नाही?" सगळे हसले. गृहस्थांनी तो घोट घेतला. पुढचे तीन आठवडे त्यांच्या पत्नीने कसे काढले ते येथे लिहिण्यासारखे नाही. ते पुन्हा उपचारास गेले, आज सावरले आहेत. यजमान दुष्ट नव्हते. त्यांनी प्रेमानेच आग्रह केला होता, आणि म्हणूनच ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आग्रह करकरून वाढणे ही आपल्या कोकणातील रीत. पुरणपोळीला तो आग्रह शोभतो. पेल्याला शोभत नाही.

तोरा आपणांस आज्ञा करते की आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये (लेवीय १९:१४). मुद्दाम आंधळ्याच्या पायांत धोंडा टाकणारा मनुष्य आपणांपैकी कुणी पाहिला आहे? मग ही आज्ञा कुणासाठी? आपल्या ज्ञानी पुरुषांनी तलमुदात तिचा अर्थ उलगडताना एक दाखला दिला आहे, तो असा की नाजीराच्या, म्हणजे द्राक्षारस वर्ज्य केलेल्या मनुष्याच्या, हाती द्राक्षारसाचा प्याला देऊ नये. एवढ्या मोठ्या आज्ञेला त्यांनी दाखला शोधला तो मेजवानीतला! व्रत घेणारा एक, पण ते सांभाळण्याची जबाबदारी प्याला पुढे करणाऱ्यावरही आहे, हे त्यांनी ओळखले होते.

एस्तेरचे पुस्तक आपण दर वर्षी पुरीमला, आपल्या जुन्या भाषेत होळीच्या सणाला, ऐकतो. त्याच्या पहिल्याच अध्यायात अहश्वेरोश राजाची मेजवानी आहे. सोन्याची पात्रे, दारू मुबलक, पण राजाचा हुकूम होता की कुणावरही सक्ती करू नये, ज्याला जसे रुचेल तसे होऊ द्यावे. राजा स्वतः पिऊन बेभान झाला व राणीला गमावून बसला, हे खरे. तरी पाहुण्याला नको म्हणण्याची मोकळीक त्याच्या वाड्यात होती. ती आपल्या घरात असू नये काय?

आता नकार देणाऱ्याविषयी. यिर्मयाच्या ३५ व्या अध्यायात रेखाबी कुळाची कथा आहे. संदेष्ट्याने देवाच्या आज्ञेवरून त्यांना मंदिराच्या एका खोलीत नेले, द्राक्षारसाने भरलेली पात्रे पुढे ठेवली व प्या म्हणून सांगितले. विचार करा, जागा परमेश्वराचे घर, आणि यजमान खुद्द संदेष्टा! याहून मोठी भीड कोणती? तरी रेखाबी म्हणाले की आमच्या पूर्वजाने, योनादाबाने, आम्हांस मनाई केली आहे, म्हणून आम्ही पीत नाही. त्यांनी खोटा बहाणा केला नाही, रागावले नाहीत, इतरांना उपदेशही केला नाही. आणि या निष्ठेबद्दल परमेश्वराने त्यांची वाखाणणीच केली.

नको म्हणणाऱ्यांनी हाच धडा घ्यावा. नकार छोटा व हसतमुख असावा. "मी घेत नाही" हे तीन शब्द पुरे, कारणे देत बसलो की समोरचा एकेक कारण खोडीत जातो. समारंभाला उपाशीपोटी जाऊ नये. गेल्याबरोबर लिंबाचे सरबत किंवा सोडा मागून घ्यावा, कारण भरल्या हाताला कुणी पेला देत नाही. परतण्याची सोय आपली आपण ठेवावी, म्हणजे मन डळमळले की उठता येते. आणि पहिल्या काही महिन्यांत आमंत्रण नाकारावे लागले, तर खुशाल नाकारावे. तलमुदातील कथेत रब्बा पुरीमच्या नशेत रब्बी झेराचा गळा कापतो, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेने त्याला जिवंत करतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा बोलावतो. झेरा जात नाही, चमत्कार दर वेळी घडत नाही असे त्याचे उत्तर आहे. यास आम्ही शहाणपण म्हणतो.

मात्र एक इशारा द्यावयास हवा. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने डॉक्टरांस न विचारता एकाएकी बंद करू नये. त्यातून झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते.

कुणी म्हणेल, पण किद्दुशचे काय? आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. अलिबाग-रेवदंड्याच्या गावांत द्राक्षारस कुठला मिळणार! काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या शरबतावर त्यांनी शब्बाथचा किद्दुश केला, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतही आपले काही अडले नाही. सेदेरच्या चार प्याल्यांनाही ते शरबत चालते. शिवाय किद्दुश म्हणणारा पितो व बाकीचे लक्षपूर्वक ऐकून 'आमेन' म्हणतात, तेवढ्याने त्यांचेही कर्तव्य पुरे होते.

तेव्हा पुढल्या समारंभात यजमानांनी एवढे करावे. सरबताचे पेले त्याच तबकात, तशाच काचेचे ठेवावेत. ज्याने सरबत उचलले त्याला 'का?' असे विचारू नये. कुणी चेष्टा करू लागला, तर विषय बदलावा. आपल्याला वाटेल, एवढ्याने काय होणार? कदाचित त्या रात्री एका घरची बाई दाराशी जागत बसणार नाही, आणि मुले बापाच्या पावलांचा आवाज ऐकून अंथरुणात दडणार नाहीत.

परमेश्वर नको म्हणणाऱ्यास बळ देवो, आणि आपणां सर्वांस तो नकार ऐकून घेण्याची बुद्धी देवो. आमेन.