पाळकाचा पाळक कोण?

पाळक थकला, चिडचिडा झाला, त्याच्या उपदेशातला जीव गेला, की मंडळीत एकच कुजबूज सुरू होते: साहेबांची प्रार्थना कमी पडते आहे. प्रार्थनेची विचारपूस व्हायलाच हवी, पण सुरुवात तिथून करणे घाईचे आहे. देवाचे मोठे सेवक मोडून पडले तेव्हा देवाने आधी काय केले, हे पवित्र शास्त्रातच पाहावे. ईजबेलीच्या धमकीने पळालेला एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेला अग्नीने उत्तर मिळालेले आहे, तेव्हा तो प्रार्थनेत कमी पडला असे म्हणायला जागाच नाही. देवदूताने त्याला बोल लावला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवले, ऊठ, खा म्हणाला, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेब डोंगरावरची मंद वाणी त्यानंतरची. तिथेही मी एकटाच उरलो, ही एलीयाची तक्रार देवाने ऐकून घेतली आणि दोन गोष्टी सांगितल्या: बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत, आणि तुझ्या जागी अलीशाचा अभिषेक कर. अन्न, झोप आणि सोबती, असा तो उपचार होता. म्हणून माझे म्हणणे असे की, पाळकाचे आध्यात्मिक आरोग्य ही त्याची एकट्याची खाजगी बाब नाही. मंडळीने कामाची आणि अधिकाराची वाटणी कशी केली आहे, यावर ते फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

मोशेची गोष्ट याहून स्पष्ट आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसला आहे आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे आहेत. सासरा इथ्रो हे पाहतो आणि सरळ सांगतो, तू करतोस ते ठीक नाही. तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. एकखांबी कारभारात पाळक तर थकतोच, पण माणसे दिवसभर उभी राहतात, त्यांची कामे तुंबतात आणि स्वतः काही करायची सवय त्यांना कधी लागत नाही. इथ्रोने सुचवलेली रचना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमण्याची होती. जेरुसलेमच्या पहिल्या मंडळीत हाच प्रश्न विधवांच्या रोजच्या वाटपावरून उभा राहिला. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी आणखी मेहनत करण्याचे वचन दिले नाही. लोकांनाच सात माणसे निवडायला सांगितली आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा धरून ठेवली. निवडलेल्या साती जणांची नावे ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटाच्या हाती काम सोपवले गेले. आपल्या मंडळ्यांनी याची फार गंभीर दखल घ्यावी, असे मला वाटते.

पुढच्या काळातही हा धागा तुटलेला नाही. बाराव्या शतकात क्लेर्वोच्या बर्नार्डने आपल्या जुन्या शिष्याला, पोप तिसऱ्या युजीनला, एक दीर्घ ग्रंथ लिहून पाठवला. दिवसभराच्या खटल्यांत आणि कामकाजात बुडालेल्या माणसाचे अंतःकरण हळूहळू कठीण होते आणि त्याला ते कळतही नाही, ही त्यातली कळकळ आहे. सगळ्यांना वेळ देतोस तसा स्वतःलाही दे, असे तो बजावतो. १६५६ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड बॅक्स्टरने पाळकांसाठी लिहिलेले प्रसिद्ध पुस्तक प्रेषितांच्या कृत्यांतल्या एका वचनावर उभे आहे. त्यात पौल इफिसच्या वडिलांना आधी स्वतःकडे आणि मग कळपाकडे लक्ष द्यायला सांगतो. बॅक्स्टर प्रकृतीने कायमचा दुखणेकरी. ज्या पाळकसभेसाठी हा मजकूर तयार केला, तिला डिसेंबर १६५५ मध्ये तो आजारपणामुळे जाऊही शकला नाही. तरीही किडरमिन्स्टरमधल्या घराघरातून शिक्षण देण्याचे काम त्याने सहायकाच्या साथीने आठवड्याचे दोन दिवस नेमून चालवले आणि आसपासच्या पाळकांना नियमित भेटींत एकत्र बांधले. लंडनच्या चार्ल्स स्पर्जनचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी सरे गार्डन्सच्या सभागृहात तो उपदेश करत असताना कोणीतरी आगीची खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत सात माणसे गेली. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्या धक्क्याने तो कोलमडला आणि खिन्नतेचे झटके त्याला आयुष्यभर येत राहिले. त्याने ते लपवले नाहीत. आपल्या पाळकशाळेतल्या विद्यार्थ्यांना या विषयावर त्याने स्वतंत्र व्याख्यान दिले, आणि १८६८ पासून त्याचा धाकटा भाऊ जेम्स सहपाळक म्हणून ओझे वाटून घेऊ लागला. एवढ्या मोठ्या उपदेशकालाही दुसरा खांदा लागला.

यावर पहिला आक्षेप येतो तो वधस्तंभाचा. पाळकपण म्हणजे झिजणेच, पौलाला कुठे साप्ताहिक सुट्टी होती? आक्षेप आदराने घ्यावा असाच आहे, कारण त्यागाविना सेवा नाही हे खरे. सर्व मंडळ्यांची चिंता रोज आपल्यावर असते, असे पौल करिंथकरांना लिहितो. पण हाच पौल जवळपास कधीच एकटा दिसत नाही: बर्णबा, सीला, तीमथ्य, तीत, लूक, प्रिस्किल्ला आणि अक्विला. आणि जवळजवळ एकटा पडतो तेव्हा तीमथ्याला काय लिहितो? हिवाळ्यापूर्वी ये, मार्काला घेऊन ये, त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा आण आणि चर्मपत्रे आण. मरण समोर दिसत असताना विश्वासाचा हा योद्धा मित्र, ऊब आणि वाचायला काही मागतो, आणि मागताना संकोचत नाही. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने तिघांना माझ्याबरोबर जागे राहा म्हटले. वधस्तंभ उचलणे वेगळे आणि इतरांनी उचलायचे ओझे अडवून धरणे वेगळे. दुसऱ्याला पहिल्याचे नाव देणे ही मला धोकादायक चूक वाटते.

दुसरा आक्षेप अधिकाराचा आहे: कामे वाटली तर शिकवण ढिली पडेल, गटबाजी वाढेल. गणनाच्या अकराव्या अध्यायात सत्तर वडिलांवर आत्मा उतरला, तेव्हा छावणीतच राहिलेले एलदाद आणि मेदादही संदेश देऊ लागले. यहोशवा घाबरला, त्यांना थांबवा म्हणाला. मोशेने उलट, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे व्हावेत, अशी इच्छा बोलून दाखवली. पैशाच्या बाबतीत तर वाटणी हेच संरक्षण असते. जेरुसलेमसाठी अर्पण जमवताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेली माणसे पाठवली, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. अर्पणाच्या पाकिटांचा हिशेब एकट्या पाळकाच्या कपाटात असेल, तर तो कितीही प्रामाणिक असला तरी त्याची झोप आणि नाव दोन्ही टांगणीला लागतात.

तिसरा आक्षेप महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांचा आहे आणि तो सर्वांत खरा आहे. पंधरावीस घरांची मंडळी, एका पाळकाकडे तीनचार गावे, रविवारी दोन ठिकाणी उपासना, मधल्या वारी प्रार्थनासभा आणि घरभेटी, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवायची लग्नाची नोंदवही, रात्री-अपरात्री मयतीचा निरोप. वाटायचे कोणाला? याचे मूळ आपल्या इतिहासातही आहे. मिशनच्या काळात पाळक बहुधा मिशनचा पगारी माणूस होता. मंडळीने त्याला पोसायचे, त्याच्याबरोबर ओझे उचलायचे, ही सवय उशिरा आणि अर्धवट लागली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे पगारी काम सोडून साताऱ्याला देवाचा दरबार उभारला. त्यामागे शिष्यांचे स्वतंत्र बंधुमंडळ असावे ही ओढ होती, आणि ते काम १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अर्ध्यावर राहिले. तरी इथ्रोची रचना दहांपासून सुरू होते हे विसरू नये. पंधरा घरांतही महिला मंडळ चालवणारी बाई असते, निवृत्त शिक्षक असतो, वही नीट लिहिणारा तरुण असतो. आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करायला दीक्षा लागत नाही. जी गोष्ट मंडळीतल्या कोणापाशी बोलता येत नाही, तिच्यासाठी शेजारच्या गावचा पाळक आहे, मग तो दुसऱ्या पंथाचा का असेना. जर्मन पाळक बोनहोफरने नाझी राजवटीत फिंकेनवाल्डे इथल्या पाळकशाळेत तरुण पाळकांना एकमेकांपाशी पापकबुली द्यायला शिकवले, कारण आतून एकाकी पडलेला माणूस बाहेरचा दबाव सोसू शकत नाही, हे त्याला दिसत होते.

तेव्हा मंडळीच्या वडिलांना आणि कमिटीच्या सभासदांना माझी विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत बांधकामनिधीच्या आधी हा विषय घ्या. पाळकसाहेबांच्या विश्रांतीचा वार ठरवा आणि त्या दिवशी मयतीखेरीज फोन करू नका. घरभेटींची गावे सभासदांत वाटून घ्या, हिशेब दोन सह्यांखाली आणा, आणि शेजारच्या पाळकांना भेटायला महिन्यातून एकदा जाता यावे म्हणून पाळकसाहेबांचे प्रवासभाडे अंदाजपत्रकात लिहा.