देखरेख की पाळत?

स्मरणिकेसाठी मी दरवर्षी मधुमेह, रक्तदाब असल्या विषयांवर लिहितो. यंदा विषय वेगळा आहे आणि त्यात माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे.

२०२२ साली माझा मुलगा पंधरा वर्षांचा होता. खोलीचं दार बंद, हातात फोन, विचारलं तर एका शब्दात उत्तर. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच चित्र असेल. एका मित्राच्या सल्ल्याने मी त्याच्या फोनवर गुपचूप एक ॲप बसवलं. त्याचे मेसेज मला दिसू लागले. रात्री क्लिनिकचं काम आटोपलं की मी ते वाचत बसे. सापडलं काय? बास्केटबॉल, शाळेतल्या कुचाळक्या आणि माझ्या इंग्रजी उच्चारांची टिंगल. मनाची समजूत घालायचो, आपलंच मूल, फोनचं बिल आपणच भरतो, यात चोरी कसली?

त्याच सुमारास क्लिनिकमध्ये एक सोळा वर्षांचा मुलगा आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पोटात दुखतं, झोप नाही, वजन उतरलेलं. तपासण्या सगळ्या व्यवस्थित. मी प्रश्न मुलाला विचारायचो आणि उत्तर त्याची आई द्यायची. मिरजेला शिकत असताना आमच्या सरांनी एक गोष्ट मनावर ठसवली होती : पेशंटला बोलू द्या, निदान तोच सांगतो. इथे अमेरिकेत किशोरवयीन पेशंट असला की थोडा वेळ आईवडिलांना बाहेर बसायला सांगण्याची पद्धत आहे. तसं सांगितलं आणि मुलाला म्हटलं, "इथलं बोलणं माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला छळत असेल, तर ते मला पुढे सांगावं लागेल. पण तुला विचारल्याशिवाय, तुझ्या पाठीमागे काही करणार नाही."

बराच वेळ तो गप्प होता. मग बोलला. इंटरनेटवर एका 'मुली'शी ओळख झाली, दोन दिवस गोड बोलणं झालं, तिने मागितला म्हणून त्याने स्वतःचा एक नको तसा फोटो पाठवला. तासाभरात त्याच्या मित्रांची, नातेवाईकांची यादीच समोर आली : पैसे पाठव, नाहीतर या सर्वांना फोटो जाईल. वाढदिवसाचे साठवलेले पैसे त्याने देऊन टाकले. मागणी वाढतच गेली. जीव द्यावासा वाटतो का, हे मला विचारावंच लागलं. त्याने मान हलवली.

"आईला का नाही सांगितलंस?"

"ती दर रविवारी माझा फोन बघते. तिला कळलं तर ती मरूनच जाईल."

दर रविवारी फोन तपासूनही आईला काही सापडलं नव्हतं, कारण त्याचं दुसरं खातं होतं. आणि त्या तपासण्यांतून मुलगा एवढंच शिकला होता की काही सापडता कामा नये.

हा एकट्या-दुकट्याचा प्रकार नव्हे. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात एफ.बी.आय. आणि होमलँड सिक्युरिटीकडे मुलांकडून अशा प्रकारे पैसे उकळल्याच्या १३,०००हून अधिक तक्रारी आल्या. बळी पडलेल्यांची संख्या किमान १२,६००, त्यांत बहुतेक मुलगे. किमान २० जणांनी आत्महत्या केली. या भामट्यांचं सारं भांडवल म्हणजे 'घरी कळता कामा नये' ही मुलाची भीती. आणि 'लोक काय म्हणतील' हे ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांकडे ती जरा जास्तच असते. म्हणजे हे भांडवल काही अंशी आपणच पुरवतो.

त्या संध्याकाळी गाडीतून घरी येताना मी स्वतःला विचारलं, माझा मुलगा मला सांगेल का? क्लिनिकमध्ये मी विश्वास मिळावा म्हणून इतरांच्या आईवडिलांना बाहेर बसवतो आणि घरी मात्र चोरून वाचतो! रात्री त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मला महिन्यापूर्वीच कळलं होतं." मित्रांशी खरं बोलणं त्याने केव्हाच दुसरीकडे हलवलं होतं. मला दिसत होतं ते माझ्यासाठी शिल्लक ठेवलेलं. त्यानंतर तीन आठवडे तो माझ्याशी धड बोलला नाही.

मग मुलांना मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. लहानपणी आमच्या वाड्यात शेजारच्या काकूंची नजर आम्हां पोरांवर असायची, पण ती आम्हाला माहीत असायची. ती देखरेख. दाराआड लपून ऐकणं ही पाळत. आठ वर्षांच्या मुलाच्या टॅब्लेटला कुलूप हवंच. तेराव्या वर्षी खातं उघडता येतं म्हणून ते वय सुरक्षित ठरत नाही. तो आकडा मुलांच्या खासगी माहितीविषयीच्या १९९८च्या कायद्यातून आला आहे. रात्री सर्वांचे फोन, आपलेही, स्वयंपाकघरात राहावेत. नियम असावेत, पण उघड. जिवाला धोका आहे अशी खरी शंका आली तर फोन जरूर उघडावा, पण मुलाला सांगून.

आणि एक वचन द्यावं : "काहीही झालं तरी आधी मला सांग. ओरडणार नाही, फोन काढून घेणार नाही." द्यायला सोपं, पाळायला फार कठीण.

वेळ आलीच तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, ते पुरावे आहेत. उत्तर देणं थांबवा, खातं ब्लॉक करा, एफ.बी.आय.कडे तक्रार करा. नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा फोटो आपल्याकडे न मागता तो हटवायला मदत करते. मूल खचलं असेल तर ९८८ हा नंबर कुठल्याही वेळी लावता येतो.

त्या मुलाने त्याच दिवशी, मी शेजारी असताना, आईला सांगितलं. ती माऊली काही बोलली नाही, तिने त्याला जवळ घेतलं. पोटदुखी पुढे हळूहळू गेली.

आपल्या गणरायाची कथा सर्वांना ठाऊक आहे. दारात उभं असलेलं पोर कोण, हे न विचारता पित्याने रागाच्या भरात त्याचं मस्तक उडवलं. शंकराला त्या जागी हत्तीचं मस्तक जोडता आलं. आपल्याला ती विद्या येत नाही, म्हणून आधी विचारावं, ऐकावं.

गेल्या वर्षी एका रात्री मुलाने माझं दार ठोठावलं. "बाबा, हे जरा बघ ना." नोकरीचं आमिष दाखवणारा एक खोटा मेसेज होता, बाकी काही नाही. पण तो आपणहून आला होता. मी चष्मा लावला आणि त्याच्या शेजारी बसलो.

गणपती बाप्पा मोरया!