मुक्ता साळवेचं पुढं काय झालं?

चौदा वर्षांची पोर. मांगाची. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षं शिकली आणि महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'नं तो १८५५च्या फेब्रुवारी-मार्चात छापला. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आपण तो स्टेजवरून वाचतो. टाळ्या पडतात. माईक बंद होतो. त्या पोरीचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

एक मित्र म्हणतो, निबंध उरला ना, मग बस्स. तिचं लग्न-मरण घेऊन काय करायचंय? मला हे पटत नाही. का पटत नाही, त्याला जरा लांबून यावं लागेल.

लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्ये कापडाचा एक तुकडा आहे. त्या काळात तिकडं गरिबाच्या पोरींना शाळेत कापडावर अक्षरं नि आकडे भरायला शिकवत. म्हणजे उद्या मोलकरीण झाली की मालकाच्या चादरींवर खुणा घालता याव्यात. ससेक्सच्या एलिझाबेथ पार्करनं १८३०च्या सुमारास त्याच टाक्यांनी, लाल रेशमानं, स्वतःची कहाणी भरली. फुलं नाहीत, पाखरं नाहीत. लहानपणीच कामाला लागली. एका मालकाची नियत फिरली, ती बधली नाही म्हणून तिला जिन्यावरून ढकललं. जीव द्यावासा वाटला. आपल्या आत्म्याचं काय होणार, असं विचारता विचारता वाक्य मधेच तुटतं. खाली कापड कोरं.

बघणाऱ्याला वाटणार, पोरीनं जीव दिला. पण संशोधकांनी चर्चची दप्तरं आणि खानेसुमारीची पानं उलटली. ती जगली होती! गावातल्या शाळेत मास्तरीण झाली, १८८९ साली पंचाहत्तरी ओलांडून गेली.

हे वाचून बरं वाटलं आणि लगेच जळफळाट झाला. ती मोलकरीण असली तरी वहीत होती. जन्मली तेव्हा बाप्तिस्म्याची नोंद, मेली तेव्हा दफनाची. आमच्याकडं पेशवे दफ्तरात दक्षिणेचे हिशेब जपलेत. मांगाच्या पोरीचा जन्म कोण लिहिणार? महार-मांगांच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे मुक्तानंच लिहून ठेवलंय.

पण सगळा दोष दफ्तरावर टाकून आपण मोकळे होतो, हेही खरं नाही. पार्करनं 'मी' लिहिलं. मुक्तानं पानभर 'आम्ही' लिहिलं. स्वतःला बाजूला ठेवून ती सगळ्यांसाठी बोलली, आणि आपण तिला बाजूलाच ठेवलं. आपल्याला निबंधाएवढीच मुक्ता पाहिजे. समजा पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. डोक्यावर मोळ्या वाहिल्या, अक्षर विसरली, म्हातारी होऊन मेली. तर ती लहान होते काय? अशी मुक्ता आपल्या बॅनरवर बसत नाही, म्हणून तर तिला शोधायची आपली छाती होत नसेल?

आणि न शोधता कोरी जागा भरून टाकणं त्याहून वाईट. तिला शहीद करा, क्रांतिकारक करा, भाषणात काय लागतंय! त्या कोऱ्या कापडावर 'जीव दिला' असं भरण्यातलाच हा प्रकार. बामणानं आपल्या बायांबद्दल खोटं लिहिलं तर आपण चवताळतो. आपल्याच माणसानं प्रेमानं खोटं लिहिलं, तर ते चालतं?

हे मी कोपरीत, आजीच्या वाकळेवर बसून लिहितोय. १९७२च्या दुष्काळात आजी मराठवाड्यातून ठाण्याला आली, तेव्हा ही वाकळ गाठोड्यात होती. माझ्यासाठी ती कायम आजीचीच. कडेला लाल चिंधीवर पाच-सहा टाके वाकडे आहेत. आजीचा हात सरळ. परवा आईला म्हटलं, इथं आजीची नजर चुकली वाटतं.

आई म्हणाली, "ते माजे हायेत. धा वर्साची व्हते मी. म्हातारी चार येळा उसवायची. हे तेवढे ऱ्हायले."

इतकी वर्षं मी त्यावर झोपतोय. मग आई आणखी बोलायला लागली, आणि मी वही तिच्याकडं वळवली.